चौथ्या सिलिंडरचा आकडा

शुवैख, कुवेत
दि. १२ मार्च १९७८

तीर्थरूप आबा आणि कस्तुराताई यांना किसनचा सविनय जयभीम.

मी खुशाल आहे. जेवण बरं मिळतं, वाळू फुकट मिळते. वर्कशॉपमध्ये आता मला इंजिनाच्या कामावर घेतलंय. फोरमन मिसरी, म्हणजे इजिप्तचा आहे. त्याला हिंदी येत नाही आणि मला अरबी येत नाही, पण इंजिन आजारी असलं की दोघांनाही एकदमच कळतं, त्यामुळे आमचं बरं जमतं.

ताई, तुझ्या पत्रातले फेब्रुवारीचे आकडे मिळाले. १५६, १५४, १५५, १५५. झकास. मी ते फोरमनला दाखवले. तो म्हणाला, मॉरिससारख्या बारक्या गाडीत एवढं काँप्रेशन कसं येईल, पुस्तकात तर एकशेवीस पौंड दिलंय. मी त्याला हातवारे करून सांगितलं की भंगारातून दुसरं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण आणलं, माझ्या बापानं ते बारा दिवस घासून पातळ केलं, आत हवेला जागाच कमी ठेवली, म्हणून ती जास्त दाबली जाते. पुस्तकातला एकशेवीस आता आपल्या गाडीला लागू नाही. आपला आकडा एकशे पंचावन्न. तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला. आबांचे हात बघितले असते तर काय केलं असतं कोण जाणे.

आबांना सांग, दर महिन्याला चारी सिलिंडर गेज लावून बघत जा आणि आकडे पाठवत जा. मी आलो की नाशिक रस्त्याला आपलं गॅरेज टाकायचं आहे. ही गाडी दारात उभी राहिली की दुसऱ्या जाहिरातीची गरज नाही. पाटीवर नाव आबांचं. भीमराज ओव्हाळ, टर्नर आणि इंजिन मिस्त्री.

ते काय म्हणतात? खरं सांग. निघायच्या दिवशी ते गाडीखाली शिरले ते बाहेर आलेच नाहीत. बाहेर राहिलेल्या पावलांना हात लावून मी एस.टी. पकडली. कंपनीतली कायमची नोकरी सोडली याचा राग मी समजू शकतो, ती त्यांनीच साहेबाच्या पाया पडून लावून दिली होती. पण आता सात महिने झाले. पत्रात तुझं सगळं असतं, शाळेतल्या उंदरांचंसुद्धा असतं, आणि त्यांचे फक्त चार आकडे. मी ते चार आकडेच परत परत वाचतो. दुसरं करणार काय?

तुमचा,
किसन


मोशी
दि. २४ एप्रिल १९७८

चि. किसन यास सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पाटीवरच्या नावाशी मी आले तेव्हा आबा उठून गाईला पाणी दाखवायला गेले. आपल्याकडे गाय नाही हे तुला माहीत आहेच. शेजारच्या हिंदुरावांच्या गोठ्यात जाऊन तिथल्या गाईला पाणी दाखवून आले. एवढ्यावरून काय ते समज.

परत आल्यावर म्हणाले, “त्येला म्हनावं, पुस्तक मला नगं शिकवू. हेड कुनी घासलं? उंचवटं दिसाया निळा रंग लावून लावून बारा दिस कुनी घासलं? आन आता मलाच सांगतोय आकडा किती याया पायजे त्ये.” म्हणजे खूश आहेत.

आकडे बीडीच्या पुडक्याच्या कागदावर त्यांनी नेहमीसारखे लिहून दिले, मी इथे उतरवते. १५५, १५४, १४१, १५५. हे दहा तारखेचे आहेत. तिसरा कमी झालाय हे मलासुद्धा दिसलं. विचारलं तर म्हणाले, बघू. त्यानंतर परत बघायला जमलं नाही, कारण जयंतीच्या मिरवणुकीत आपल्या गाडीची बॅटरी लाउडस्पीकरला दिली होती. विहारापासून नदीपर्यंत आणि परत, भाषणांसकट. ती जी बसली ती उठलीच नाही. आबांनी स्वतःहून दिली, मी नको म्हणत होते. “गानी बंद पडली तर पोरास्नी काय वाटंल,” म्हणाले.

बाकी सगळं ठीक. आबा हल्ली पिंपरीहून येताना सायकल हातात धरून चालत येतात. चेन सारखी पडते म्हणतात. मध्ये दोनदा रस्त्याच्या कडेला बसतात. तू काळजी करू नकोस.

शाळेला सुटी लागली. उंदीर मात्र हजर आहेत.

तुझी ताई,
कस्तुरा


शुवैख, कुवेत
दि. २८ मे १९७८

तीर्थरूप आबा आणि ताई यांना सविनय जयभीम.

सायकलच्या चेनची एक कडी काढून टाका म्हणजे पडणार नाही. एवढ्यासाठी चालत काय यायचं!

आता तिसऱ्याबद्दल. १४१ म्हणजे चौदा पौंड कमी. पुस्तक धरून बसणारा म्हणेल, एकशेवीसच्या वर आहे, मग चिंता कशाची? पण आपलं हेड वेगळं, म्हणून आपल्याकडे १४१ हा आजारच. बाजूचे दोन्ही चांगले आहेत म्हणजे हेडखालचं गॅस्केट फुटलेलं नाही. राहिलं काय? पिस्टनच्या रिंगा झिजल्या, नाहीतर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. ते ओळखायची युक्ती आबांनीच मला शिकवली आहे. आधी कोरडा आकडा घ्या. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडा आणि परत बघा. आकडा चढला तर रिंगा, जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह. चारी सिलिंडरचे दोन्ही आकडे हवेत, एका तिसऱ्याचे नकोत. बाकीच्यांशी ताडून बघितल्याशिवाय कळत नाही.

बॅटरी नाही हे कारण मी ऐकणार नाही. पुढून हातानं फिरवायचं हँडल आहे ना? हेड घासल्यापासून ते जड जातं हे मला माहीत आहे. चारी प्लग एकदम काढले तर हलकं जातं, पण आबा धूळ जाईल म्हणून एका वेळी एकच काढणार आणि बाकीच्या तिघांशी झगडत बसणार, हेही मला माहीत आहे. झगडा. पण आकडे पाठवा. दर वेळी ‘बघू’ म्हणून कसं चालेल? व्हॉल्व्ह असेल तर इथून येताना आणता येतो, आणि जुन्या मापाचा व्हॉल्व्ह इथे एकाच दुकानात आहे, तोही एकच उरलाय. पत्र मिळाल्यावर पंधरा दिवसांत उत्तर टाकायला पाहिजे.

आबांना माझ्याशी बोलायचं नसेल तर नको. मी काही बोला म्हणून मागे लागणार नाही. आकडे तरी पुरते द्या, एवढं तर मागू शकतो.

किसन


मोशी
दि. २० ऑगस्ट १९७८

चि. किसन यास सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. शाळेत दोन शिक्षिका कमी आहेत, चार वर्ग एकटीला सांभाळावे लागतात. पाऊसही बराच झाला. इंद्रायणी दोनदा पुलाला लागली.

आबा ठीक आहेत. तू मागितलेले आकडे पाठवते आहे. कोरडे ११८, १२०, ११९, ११८. तेल घालून ११८, १२०, ११९, ११८. तिसरा आता बाकीच्यांबरोबर आला आहे, म्हणजे सुधारला असं आबा म्हणतात. आता तपासण्यासारखं काही राहिलं नाही, असंही म्हणाले. तेव्हा तू गाडीची चिंता सोड आणि तुझ्या कामाकडे लक्ष दे. करार पुरा व्हायला आता एकच वर्ष राहिलं आहे. तेवढं नीट पुरं कर, हे आबांचं सांगणं.

आकडे इतक्या महिन्यांनी पाठवले म्हणून आता पुन्हा लगेच मागू नकोस. त्यांना दगदग होते.

शेजारच्या शालनबाई तुझी आठवण काढतात. जपून राहा. जेवत जा.

तुझी ताई,
कस्तुरा


शुवैख, कुवेत
दि. ८ सप्टेंबर १९७८

प्रिय ताई,

जयभीम. हे पत्र आबांना वाचून दाखव. एकही शब्द गाळू नकोस.

तुमचे आकडे घेऊन मी तीन संध्याकाळी बसलो. आधी वाटलं, ॲक्सिलेटर न दाबता बघितलं असेल, हवाच आत गेली नसेल. मग वाटलं, गेज बिघडलं असेल. पण बिघडलेलं गेज असं नेमकं ११८, १२०, ११९, ११८ दाखवत नाही. इंजिन म्हातारं झालं तर एक सिलिंडर आधी जातो, एक मागून जातो. तिघं निरोगी सिलिंडर मिळून ठरवल्यासारखे चौतीस ते सदतीस पौंड खाली येत नाहीत, आणि ज्याला दुखणं होतं तो एकटा त्यांच्या रांगेत येऊन उभा राहत नाही. तेल घातलं की चांगल्या सिलिंडरचाही आकडा दोन-चार पौंड हलतोच, इथे एकाचाही एक पौंड हलला नाही म्हणे. तेल घातलंच नाही, हे मी इथून सांगतो.

आणि मग लक्षात आलं. एकशेवीस हा पुस्तकातला आकडा आहे. गाडीच्या मूळच्या हेडचा आकडा. ते हेड आपण गोणपाटात गुंडाळून आबांच्या खाटेखाली ठेवलं होतं.

आबा, तुम्ही माझं हेड काढून जुनं बसवलंत. खरं की नाही? दोन हजार मैलांवरून ओळखलं मी. माझ्यावरचा राग माझ्यावर काढायचा होता. मी समोर उभा होतो तेव्हा दोन थोबाडीत मारायच्या होत्या, मी काही बोललो नसतो. पण गाडीखाली लपलात, आणि मी गेल्यावर आपण दोघांनी मिळून केलेलं काम उपसून टाकलंत. बारा दिवस तुम्ही घासत होतात आणि बारा दिवस मी शेजारी बसून निळा रंग लावून देत होतो. माझ्या उभ्या आयुष्यात तुम्ही माझ्याशी सगळ्यात जास्त बोललात ते त्या बारा दिवसांत. तेवढंच मला तुमचं मिळालं होतं. तेही काढून घेतलंत.

वर आकडे पाठवून मला बनवायला बघता. मी तुमचाच शागीर्द आहे हे विसरलात. असला कोत्या मनाचा बाप असेल असं मला वाटलं नव्हतं.

गॅरेजचं आता माझ्या मनात नाही.

किसन


मोशी
दि. १ ऑक्टोबर १९७८

चि. किसन यास,

जयभीम.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवता आलं नाही. आबा १९ जूनला गेले.

हे वाक्य मी शंभर दिवस मनात लिहिते आहे. आज कागदावर आलं ते तू त्यांना कोत्या मनाचा म्हणालास म्हणून. नाहीतर अजून वर्षभर मी खोटं लिहीत राहिले असते, माझी तेवढी तयारी होती. पण हे मला सोसवलं नाही. तुझ्या हेडला त्यांनी हात लावलेला नाही. ते जसं होतं तसंच गाडीवर आहे, आणि जुनं हेड खाटेखाली गोणपाटात आहे. मी कालच वाकून बघितलं.

दुपारी जेवून आडवे झाले आणि झोपेतच गेले. त्रास झाला नाही. भन्तेजी आळंदीहून आले, त्रिशरण-पंचशील झालं, जलदान विधी झाला, पुण्यानुमोदनाला त्यांच्या कंपनीतले चाळीस-पन्नास लोक आले होते. एक जण म्हणाला, भीमराजनं लिहून दिलेलं माप साहेब लोक परत मोजायचे नाहीत. मी सगळ्यांना चहा दिला. तू नव्हतास म्हणून पुढचं सगळं हिंदुरावांनी केलं.

तुला कळवायचं नाही हे मी ठरवलं. दुसऱ्या कुणाला त्यात ओढू नकोस. तुझा पासपोर्ट मालकाकडे, तू तिथे भांडणार, काम टाकून निघणार, आणि येऊन बघणार काय? माती झालेली. एवढं वर्ष पुरं होऊ दे, मग समोर बसवून सांगेन असं वाटलं होतं. ऑगस्टचं पत्र लिहायला मी चारदा बसले. ‘आबा म्हणतात’ असं लिहिताना हात थांबायचा. पण खरं सांगू? एकदा लिहिलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. आबा आत बसलेत आणि मी त्यांचं उतरवून घेतेय असं वाटायचं.

आकड्यांची मला काय अक्कल? त्यांच्या जुन्या वहीत एका पानावर चार आकडे सारखे सारखे दिसले, म्हटलं हेच चांगले असतील. आज पानावरची तारीख बघितली. १९७४. हेड घासायच्या आधीचं पान होतं. तेलाचे आकडे कुठेच सापडले नाहीत, म्हणून तेच परत लिहिले.

सोबत त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला कागद पाठवते आहे. तुझं मे महिन्याचं पत्र आल्यावर त्यांनी तुझ्यासाठी आकडे काढून ठेवले होते. अखेरचं त्यांच्या हातचं तेवढंच आहे. मी उतरवून घेतलं नाही, मूळ कागदच पाठवते. तुझ्याजवळ असू दे.

रडू आलं तर एकटा राहू नकोस. कुणाजवळ तरी बस.

तुझी ताई,
कस्तुरा


शुवैख, कुवेत
दि. २२ ऑक्टोबर १९७८

प्रिय ताई,

माझं आठ सप्टेंबरचं पत्र फाडून टाक. जाळून टाक. आबांच्या वहीत किंवा कपड्यांत कुठे ठेवू नकोस. 

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका गाडीखाली होतो. बाहेर येऊन वाचलं आणि परत गाडीखाली गेलो. बराच वेळ कुणी हाक मारली नाही. मग फोरमननं माझा पाय धरून हलवला. मी कागद दाखवला. त्याला मराठी वाचता येत नाही, पण त्यानं वर्कशॉप बंद केलं आणि माझ्याजवळ बसून राहिला. तू कुणाजवळ तरी बस म्हणाली होतीस, म्हणून सांगितलं.

आता मी लिहितो ते नीट वाच. आबांच्या कागदावर चार आकडे आहेत. १३०, ११७, ८४, १५५. तुला वाटलं असेल, कागद पाठवला की याला बरं वाटेल. तुझी चूक नाही. तुला ते वाचता येत नाहीत. मला येतात. हेच तर एक मला त्यांनी शिकवलं.

बॅटरी नव्हती, म्हणजे हे आकडे हँडल मारून काढलेले. हँडलवर नेहमीचा आकडा येत नाही, कमी येतो, कारण माणसाचा हात स्टार्टरइतका भराभर फिरत नाही. हात जितका हळू तितका आकडा कमी. पहिला १३०. दुसरा निरोगी होता, पहिल्याइतकाच यायला हवा, आला ११७. तिसऱ्याचं जुनं दुखणं चौदा पौंडांचं. ते चौदा मिळवले तरी ९८. १३०, ११७, ९८. हे इंजिन उतरत नाहीये, ताई. इंजिनाला काहीही झालेलं नाही. हे आबा उतरत चाललेत.

तरी मी माझ्या मनाची समजूत घालायला बघितलं. आमच्याकडे बाकावर एक जुनं इंग्रजी इंजिन आहे, साधारण आपल्याच मापाचं. त्याला गेज लावून मी एकेक प्लग काढत, आबांसारखंच, हँडल मारलं. चारी सिलिंडर. माझे आकडे दोन-तीन पौंडांच्या आत राहिले, पण शेवटी मला वाकून गुडघ्यांवर हात ठेवावे लागले. मी तीस वर्षांचा आहे. आणि या इंजिनाचं हेड कुणी घासलेलं नाही. आपलं यापेक्षा किती जड जात असेल! ते जड कुणी केलं? ‘गाडी घाट चढताना दमता कामा नये’ म्हणून हट्ट कुणाचा होता?

आबा झोपेत गेले नाहीत. सायकलची चेनही पडत नव्हती. मी तुला चेनची कडी काढायला सांगत होतो, आणि ते रस्त्याच्या कडेला श्वास घेत बसत होते. हे तुला माहीत होतं. तू ते लिहिलं असतंस तर मी आकडे मागितले नसते, असं मनात येतं आणि लगेच माझीच लाज वाटते. मी विचारलं कुठे कधी? आबा कसे आहेत, हे माझ्या एकाही पत्रात नाही. मी तिसरा सिलिंडर कसा आहे ते विचारलं.

मी ‘झगडा’ असं लिहिलं होतं. त्यांनी मुलाचं ऐकलं.

एकच गोष्ट मला उलगडत नाही. चौथा १५५ कुठून आला? हँडलवर १५५ येत नाही. कुणालाच येत नाही. ८४ नंतर तर नाहीच नाही. अक्षर मात्र त्यांचंच आहे, पाचाची शेपटी त्यांचीच आहे. आबांनी जन्मात खोटं माप लिहिलं नाही. एका सुताच्या फरकासाठी साहेबाशी भांडून घरी बसलेला माणूस तो. मग हा आकडा कसा लिहिला?

खरं ते सगळं लिही. मला जपू नकोस. मालक पासपोर्ट द्यायला तयार झाला आहे, फोरमन त्यासाठी त्याच्याशी भांडला. पण त्या अंगणात मी कुठल्या तोंडानं पाय ठेवू, हे मला ठरवता येत नाही. तुझं पत्र आल्यावर ठरवीन.

तुझा,
किसन


मोशी
दि. १२ नोव्हेंबर १९७८

प्रिय किसन,

जयभीम. तुझं ते पत्र चुलीत घातलं.

आधी हे सांगते की तू ये. अंगण तुझं आहे. तुझ्या पत्रानं ते गेले असं तू म्हणतोस. मी म्हणते, मी तुला कळवलं नाही म्हणून गेले. पिंपरीच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं की यांचं हृदय थकलंय, ओझं उचलू देऊ नका. आबांनी मला शपथ घातली, किसनला लिहायचं नाही. मी शपथ पाळली. शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवते. आपण दोघं हे वाटून घेऊ, एकट्यानं घेऊ नकोस. मला एकटीला हे ओझं गेले पाच महिने उचलत नाहीये.

आता आबा गेले त्या दिवसाचं. तुझं पत्र आदल्या आठवड्यात आलं होतं. मी ते वाचून दाखवताना ‘झगडा’ हा शब्द गाळला होता, तुझ्या मनाला तेवढं तरी लागून राहू नये म्हणून सांगते. पंधरा दिवसांत पाहिजे हे मात्र वाचलं. मी म्हटलं, बॅटरी येऊ दे, हिंदुराव देतो म्हणालेत. ते म्हणाले, “व्हय व्हय, त्यालाच तर थांबलोय.” आणि मी शाळेत कधी जाते याची ते वाट बघत बसले असणार.

साडेपाचला मी आले तेव्हा बोनेट उघडं होतं. हँडल तसंच पुढे अडकवलेलं. गेज तिसऱ्याच भोकात होतं. आबा पुढच्या चाकाला टेकून गोणपाटावर बसले होते, सदरा घामानं भिजला होता आणि ओठ निळसर दिसत होते. मांडीवर बीडीचा कागद, हातात पेन्सिल. मी जवळ गेले आणि माझ्यादेखत त्यांनी चौथा आकडा लिहिला.

मी गेजकडे बघितलं. एवढी वर्षं उतरवून घेतेय, मला तेवढं कळतं. म्हटलं, “आबा, चौथा तर अजून बघितलाच नाही.”

“तू ल्ह्यायचं काम कर,” म्हणाले. मग दम घेऊन म्हणाले, “तीनच धाडले तर त्येला कळंल, बा दमला म्हून. लई हुशार हाय त्यो. लगीच यील पळत.”

मी म्हटलं, “येऊ दे की मग. तुम्हाला नको आहे का?”

ते माझ्यावर चिडले. खरं चिडले, किसन, मी लहान असताना चिडायचे तसे. “मला नगं आसंल व्हय? पोरगं हाय माझं. गेल्यापास्नं रोज त्या फाट्यावर जाऊन एस.टी. बघून येतोय, ते काय सायकल दावायला? पन त्यानं आपल्या मनानं यावं. माझी कीव करून नगं.”

तू विचारलंस, खोटं माप कसं लिहिलं. ते असं लिहिलं. माझ्यासमोर कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि वरून हात दाबून धरला.

मी म्हटलं, चला, घरात आडवं व्हा, मी हिंदुरावांची गाडी बोलावते. म्हणाले, बसू दे जरा, वारं बरं लागतंय. चेहरा निवळल्यासारखा दिसला. तुझ्याबद्दल एवढं कधी बोललेच नव्हते, बोलून त्यांना हलकं वाटलं असेल असं मला वाटलं. मलाही बरं वाटलं होतं. आज तुला लिहायचं, आबा काय म्हणाले ते सगळं लिहायचं, शपथ गेली खड्ड्यात, असं मी मनात ठरवत होते.

मग त्यांनी पाणी मागितलं. मी आत गेले. तांब्या काळा पडला होता म्हणून राखेनं घासला, विसळला, माठातलं गार पाणी भरलं. मी घाई केली नाही.

तुझी ताई,
कस्तुरा